घुमी आणि शेपटा

घुमीचं खरं नाव ती कामाला होती त्या सलूनमध्ये फक्त मालकीणबाईंना माहीत होतं, आणि त्यांनाही ते आठवावं लागायचं. घुमी हे नाव आईनं ठेवलेलं. घरी कुणी आलं की ही दाराआड उभी राहायची, काही विचारलं तर मान हलवायची, अगदीच गळ्याशी आलं तर 'हं' म्हणायची. आई म्हणायची, "हिच्या तोंडाचं कुलूप मी लावलेलं नाही, आणि किल्ली कुठे आहे तेही मला ठाऊक नाही." गंमत अशी, की हीच मुलगी दिवसभर अखंड बोलत असायची. फक्त अंगठ्यांनी.

आई रुग्णालयात मदतनीस होती. आज सकाळची शिफ्ट, उद्या दुपारची. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि घरी पाहुण्यासारखे यायचे, दाढी वाढलेले, झोपेला आलेले. शाळा सुटल्यावर पोरगी घरात एकटी, म्हणून आईनं तिला फोन घेऊन दिला. "घरी पोचलीस की मला मेसेज टाकायचा. बाकी दिवसभर त्यात डोकं खुपसून बसायचं नाही." यातली पहिली आज्ञा घुमीनं कधी मोडली नाही. दुसरी पहिल्याच आठवड्यात मोडली.

शाळेत तिला एकच मैत्रीण होती. तिची वेणी कमरेच्या खाली जायची, म्हणून सगळा वर्ग तिला शेपटा म्हणायचा. घुमी तिच्या मागच्या बाकावर बसायची. बाई फळ्याकडे वळल्या की ती शेपटाची वेणी सोडायची आणि नव्या तऱ्हेनं घालायची. चार पेडांची, पाच पेडांची, माशाच्या काट्यासारखी. या तऱ्हा ती फोनवर बघून यायची, तेही दुप्पट वेगानं, कारण साध्या वेगानं बघायला तिला धीर नव्हता. एकदा बघितलं की हातात उतरायचं.

अभ्यासाचं मात्र तसं झालं नाही. वर्गात बाई साध्या वेगानं शिकवायच्या, मध्ये थांबायच्या, एखाद्या मुलीला उठवून तेच पुन्हा विचारायच्या. घुमीला वाटायचं, या बाईंना कुणीतरी पुढे ढकलावं. मग ती लक्ष काढून घ्यायची आणि घरी जाऊन तोच धडा फोनवर झटपट बघून टाकायची. बघताना सगळं समजल्यासारखं वाटायचं. समजणं आणि समजल्यासारखं वाटणं यांच्यात किती अंतर असतं, ते प्रश्नपत्रिका हातात पडली की कळायचं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी शेपटाच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं. शेपटाची शाळाही बदलली. बसनं जायचं तर अर्धा दिवस मोडावा लागला असता. पण दोघींना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. फोन होता की. उठल्यापासून डोळा लागेपर्यंत दोघी एकमेकींना काही ना काही पाठवत राहिल्या: फोटो, हसरे चेहरे, कुणाच्या तरी मांजरीचे व्हिडिओ. 'भेटू या एकदा' असं दर महिन्याला एकजण लिहायची आणि दुसरी अंगठा पाठवायची. भेट काही होत नव्हती, आणि ती होत नाही हे दोघींच्या लक्षातही येत नव्हतं.

मग निकाल लागला. शेपटा चांगल्या गुणांनी पास झाली. घुमी दोन विषयांत गचकली. शेपटाचा मेसेज आला, 'काय झालं गं तुझं?' घुमीनं बराच वेळ फोन नुसता हातात धरला. मग तिनं 'पास' एवढं लिहिलं आणि पुढे एक नाचणारं चित्र टाकलं.

एक खोटं उभं करायचं तर त्याला टेकू द्यावे लागतात. घुमीनं आधी कॉलेज उभं केलं, मग त्यात खडूस सर आणले, उशिरा येणारी वर्गमैत्रीण आणली, कायम बंद असलेली लिफ्ट आणली. समोर बसून हे सगळं सांगायची पाळी आली असती तर पहिल्याच वाक्याला तिची बोबडी वळली असती. अंगठ्यांची मात्र कधी बोबडी वळत नाही.

पोरगी घरात बसून राहिली तर वाया जाईल, म्हणून आईनं मालकीणबाईंच्या कानावर घातलं. मालकीणबाई पाय मोडून रुग्णालयात पडल्या होत्या तेव्हा आईनं त्यांचं सगळं केलं होतं. "पोरीच्या हातात आहे," आई म्हणाली, "तोंडात काही नाही."

"तोंडाचं मी बघते," मालकीणबाई म्हणाल्या.

सलून बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. आरशांसमोर तीन खुर्च्या, भिंतीला लागून डोकं धुवायचं बेसिन, वाळत घातलेले टॉवेल, आणि केसांना लावायच्या रंगाचा नाकात बसणारा वास. आतल्या बाजूला पडदा लावून एक कोपरा केला होता, त्यात वेगळी खुर्ची, आरसा आणि बेसिन. ज्या बायकांना आपलं डोकं चारचौघांत उघडं करायचं नसे त्या तिथं बसत. मालकीणबाईंचा नियम एकच होता, कामावर आल्यावर फोन काउंटरच्या खणात टाकायचा आणि जेवायच्या सुट्टीत काढायचा. पहिले काही दिवस घुमीचा हात सारखा एप्रनच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तुटलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा.

तिचा हात मात्र खरोखरच सुरेख होता. कात्री तिच्या बोटांत शोभायची. पण महिन्याभरातच एक भानगड झाली. बँकेत काम करणारी एक बाई फोटो घेऊन आली. कपाळावर सरळ रेषेत आलेले केस, अगदी तस्सेच हवेत म्हणाली. घुमीनं फोटो बघितला, 'हं' म्हटलं आणि कापले. केस ओले होते तोवर फोटो आणि ती बाई यांत काही फरक नव्हता. वाळले आणि मधला झुबका ताठ उभा राहिला. बाईंच्या कपाळाच्या वरच भोवरा होता. घुमीनं डोक्याला हात लावून बघितलंच नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. फोटोतल्या डोक्यात भोवरा नव्हता.

बाई गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "तू फोटोचे केस कापलेस. बाईंचे राहून गेले."

घुमी खाली पडलेले केस झाडायला लागली.

"विचारलं का नाहीस, की केस कुठे उभे राहतात, सकाळी विंचरायला वेळ मिळतो का?"

"मला विचारता येत नाही," घुमी म्हणाली. सलूनमध्ये आल्यापासून एका दमात बोललेलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

मालकीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला बेसिनवर उभं केलं. काही दिवस फक्त डोकी धुवायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला निदान एक प्रश्न विचारायचा. बेसिनवर बाईची मान मागे टेकलेली असते, डोळे छताकडे असतात. "तिथं तुझ्याकडे कुणी बघत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही."

पहिल्या दिवशी घुमीनं एका आजींना विचारलं, "तुम्ही सकाळी किती वाजता उठता?" आजी जरा थांबून म्हणाल्या, "का गं बाई, चोरी झाली का कुठे?" दुसऱ्या दिवशी तिनं एकीला विचारलं, "तुम्हाला काही त्रास आहे का?" त्या बाईनं मात्र विषय धरला. गुडघ्यापासून सुरुवात करून ती सुनेपर्यंत पोचली, आणि घुमी पाणी गार होईपर्यंत तिचं डोकं धूत राहिली. माणसं सावकाश बोलतात, मध्येच थांबतात, मागे जातात, नको तिथं रेंगाळतात. पुढे ढकलायची सोय नाही. पण ऐकत राहिलं तर ती अखेर मुद्द्यावर येतात, एवढं तिला हळूहळू उमगलं. दोन महिन्यांनी कात्री परत मिळाली. बडबडी ती झाली नाही, पण विचारायला लागली.

शेपटाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी घुमी अजून कॉलेजातच होती. जेवायच्या सुट्टीत फोन खणातून बाहेर यायचा आणि घुमी लिहायची, 'सरांनी आज पुन्हा पिळलं.' तिकडून हसून लोळणारा चेहरा यायचा.

असेच दिवस जात होते. एका दुपारी सलूनमध्ये फारशी गर्दी नव्हती. घुमी टॉवेलांच्या घड्या घालत होती. दार लोटून एक मुलगी आत आली. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, तोंडावर धुळीसाठी लावतात तसा मास्क. तिनं हळू आवाजात मालकीणबाईंना विचारलं, "तुमच्याकडे पडद्याची जागा आहे ना? फोनवर तसं लिहिलेलं होतं, म्हणून लांबून आलेय."

मालकीणबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि घुमीला खूण केली. मुलगी आत जाऊन खुर्चीवर बसली. घुमीनं मागून तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मुलीनं मास्क काढला, आणि दोघींनी एकाच वेळी आरशात बघितलं.

त्याच सकाळी घुमीनं शेपटाला 'लेक्चरला झोप येतेय' असं लिहिलं होतं. शेपटानं उत्तरादाखल स्वतःचा फोटो पाठवला होता. मोकळे सोडलेले केस, झुलते कानातले. तो फोटो कितीतरी जुना असणार, हे घट्ट बांधलेला रुमाल बघून घुमीला आता कळलं.

"तू इथं?" शेपटा म्हणाली.

"कामाला आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी पास झालेच नव्हते."

शेपटानं आरशातली नजर खाली घेतली. उठून जावं की बसावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. मग तिनं स्वतःच रुमालाची गाठ सोडली. वेणी अजून होती, पण जाडीला पूर्वीच्या निम्मीच. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा गुळगुळीत होती. मागे मानेजवळ आणखी एक, लहान. मध्ये मध्ये बोटभर उंचीचे खुंट. घुमीनं भोवऱ्यापासून धडा घेतला होता. तिनं आधी हात लावला. कातडी कुठे लाल होती, कुठे खपली धरलेली.

"आधी धुऊ या," ती म्हणाली.

बेसिनवर शेपटाची मान मागे टेकली. तिचे डोळे छताकडे लागले. घुमीनं कोमट पाणी सोडलं आणि विचारलं, "गळतात का?"

"नाही." घुमीनं हातावर शाम्पू घेतला. "मीच उपटते."

घुमीचा हात थांबला नाही. थांबला असता तर पुढचं आलं नसतं, असं तिला नंतर वाटायचं.

"फोन बघताना," शेपटा सांगू लागली. "एका हातात फोन असतो ना, दुसरा हात मोकळा असतो. तो केसांत जातो. एक केस धरायचा, जरा खरखरीत लागला की ओढायचा. मला कळतही नाही. अंथरुणातून उठल्यावर उशीवर पुंजका दिसतो, तेव्हा कळतं. मग मी तो गोळा करून टाकते. आईला वाटतं, पाण्यानं गळतात."

"कॉलेजात माहीत आहे कुणाला?"

"कॉलेजात कुणाला माहीत असायला आधी कुणी ओळखायला पाहिजे ना." शेपटा हसल्यासारखं करत होती. "लेक्चर मी घरीच बघते, रेकॉर्ड केलेलं. गेलेच तर डबा जिन्यात खाते. हातात फोन धरून. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, हिचं कुणाशी तरी चाललंय. खरं तर बऱ्याचदा समोर फोनचा नुसता बंद पडदा असतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढी मजेत होतीस. ते खडूस सर, ती तुझी मैत्रीण. मी काय लिहायचं?"

ते खडूस सर नव्हतेच आणि ती मैत्रीणही नव्हती, हे घुमीनं तिला तिथंच, फेस धुता धुता सांगितलं. लिफ्टसुद्धा खोटी होती, हेही सांगितलं. शेपटा म्हणाली, "म्हणजे आपण एकमेकींना शेंडीच लावत होतो."

"आणि तुझ्याकडे तर आता शेंडीपुरतेच उरलेत," घुमी म्हणाली. शेपटा हसली, मग हसता हसता रडली. पाणी कानात जाईल म्हणून घुमीनं तिच्या डोक्याखाली हात धरला.

केसांचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच होता. दोन दिवसांनी शेपटाची एका अर्धवेळ नोकरीसाठी मुलाखत होती आणि रुमाल बांधून जाता येणार नव्हतं. घुमीनं चाचपून बघितलं, विंचरून बघितलं, डावीकडचा भांग उजवीकडे नेऊन बघितला. लांब केसांच्या वजनानं त्या जागा उलट जास्त उघड्या पडत होत्या. "वेणी काढावी लागेल," ती म्हणाली. "मानेपर्यंत ठेवते. वरचे केस या बाजूला पडतील आणि झाकतील. तू काय म्हणतेस?"

"दुसरं काही नाही का?"

"आहे. पण ते वाऱ्याला टिकायचं नाही."

शेपटानं डोळे मिटले आणि मान हलवली. मालकीणबाई पडद्याआड येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ती डाव्या कानावरची जागा बघितली. त्यांच्या धंद्यात अशा जागा त्यांनी पूर्वीही बघितल्या असाव्यात. काम झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "कापून काम भागत नाही, बाळा. डॉक्टरला दाखव. कातडीच्याही आणि मनाच्याही. लाजायचं काही नाही, मी पाय मोडला तेव्हा पाय दाखवला होता."

त्या संध्याकाळी घुमीनं आईला सगळं सांगितलं. कामावरून आलेली आई पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. घुमी बोलायला लागली आणि आईनं हातातला कप खाली ठेवला. तिला शेपटापेक्षा घुमीचं नवल वाटत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे गुरुवारी मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात. रांग मोठी असते. लवकर घेऊन ये." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू तिला कॉलेजात असल्याचं सांगितलंस? कुठल्या गं? मलाही सांग, बघून येते." घुमी हसली. आईनं तिला जवळ ओढलं नाही की काही समजावलं नाही. तिला झोप आली होती.

मुलाखत दिली ती नोकरी शेपटाला मिळाली नाही. केसांमुळे नव्हे. समोरच्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नांना तिला नीट उत्तरं देता आली नाहीत. सगळं येत होतं, असं ती म्हणाली, पण तीन माणसं एकदम तिच्याकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंकडे मात्र ती गेली. पहिल्या वेळी घुमी बरोबर होती. रांगेतल्या बाकावर दोघी बसल्या होत्या आणि दोघींना बोलायला काही सुचत नव्हतं. इतकी वर्षं रोज बोलणाऱ्या मुली त्या. शेपटानं फोन काढला, घुमीनंही काढला. शेजारी बसून त्यांनी एकमेकींना काहीच पाठवलं नाही, आपापलं बघत राहिल्या. मध्येच शेपटाचा हात कानाकडे गेला. घुमीनं तो न बोलता धरून खाली आणला. थोड्या वेळानं तो पुन्हा वर गेला, तिनं पुन्हा आणला. आत बोलावेपर्यंत हेच चालू होतं.

पुढे काही सगळं झटपट सुधारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शेपटाला दोन्ही हातांना काम देणारं काही तरी करायला सांगितलं. तिनं विणायला घेतलं, कंटाळली, सोडलं. मग एका बेकरीत अर्धवेळ काम धरलं. दिवसभर हात पिठात, पिठाच्या हातानं केसांना कोण हात लावणार. मानेजवळची जागा भरून आली. कानावरची भरली, पुन्हा मोकळी झाली, पुन्हा थोडी भरली. कॉलेज तिनं सोडलं नाही. आठवड्यातून दोनदा ती वर्गात जाऊन बसू लागली. ओळख मात्र तिची एकाच मुलीशी झाली, आणि तीही घुमीच.

"म्हणजे कशी?" ही गोष्ट ऐकून मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे बोलत नाही," शेपटानं सांगितलं. "पण जिन्यात शेजारी येऊन बसते."

घुमी आणि शेपटा यांचे मेसेज मधल्या काळात जवळजवळ बंद पडले होते. खरं लिहायचं तर काय लिहायचं, हे दोघींना कळत नव्हतं. भेटी मात्र व्हायच्या, अवघडलेल्या. आणि एकदा तर चांगलंच भांडण झालं. शेपटानं दुपारी यायचं कबूल केलं होतं, घुमीनं तिच्यासाठी खुर्ची अडवून ठेवली, एक बाई परत पाठवली, आणि शेपटा तास उलटून गेल्यावर उगवली. तिथंच, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, घुमी बोलली. उशिराबद्दल बोलली, मग त्या जुन्या फोटोबद्दल, मग शहराच्या दुसऱ्या टोकाबद्दल, जिथून कधीच कुणी आलं नव्हतं. शेपटा म्हणाली, "बस तुझ्याकडूनही सुटते." आणि पायऱ्या उतरून निघून गेली. इतक्या वर्षांच्या मैत्रीतलं हे त्यांचं पहिलं भांडण. फोनवर कधी झालंच नव्हतं. तिथं राग आला तर उत्तर द्यायचं नाही, एवढं पुरे असायचं.

त्यानंतर दोन आठवडे शेपटा आली नाही. मेसेजही नाही. घुमी कामात होती, पण दार वाजलं की तिची मान वळायची. तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती उठली, बसमध्ये बसली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. पत्ता विचारत विचारत बेकरी शोधली. काउंटरमागे शेपटा ट्रे पुसत होती. केस खांद्यांना टेकले होते आणि एका बाजूला वेडेवाकडे वाढले होते.

"काय हवंय?" शेपटानं विचारलं.

"तुझे केस वाढलेत," घुमी म्हणाली. "कात्री आणलीय."

शेपटानं मागच्या दाराकडे बघितलं. तिथं एक स्टूल होतं आणि उजेड बरा होता. "माझी सुट्टी व्हायला अजून वेळ आहे," ती म्हणाली. "थांबशील?"

घुमी थांबली. मागच्या दाराशी रिकाम्या खोक्यांवर बसून तिनं बराच वेळ फोन बघितला, मग तो खिशात घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांची डोकी बघत बसली. एका म्हातारबुवांचे केस मागून फार वाईट कापलेले होते. कापणाऱ्यानं त्यांना काही विचारलंच नसणार.